एकाच बाजूची मानदुखी: मणक्याचे रिपोर्ट ठीक असतील तर पुढे काय शोधायचं

मानेच्या एका बाजूला दुखू लागलं की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. आधी उशीला दोष, मग बाम आणि शेक, मग घरातलं कुणीतरी ‘स्पॉन्डिलायटिस असेल’ म्हणतं आणि शेवटी मानेचा एक्स-रे निघतो. चाळिशीनंतर मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच. त्यामुळे निदान झाल्यासारखं वाटतं आणि गळ्यात कॉलर येते. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही, कारण बहुतेक मानदुखी खरोखरच स्नायूंची किंवा मणक्यांची असते आणि काही दिवसांत ओसरते.

हा लेख उरलेल्यांसाठी आहे. दुखणं मानेच्या मागे नाही, पुढे किंवा बाजूला आहे. बोट टेकलं की एकाच जागी कळ येते. गिळताना दुखतं, सोबत कणकण आहे आणि मणक्याचा एमआरआय मात्र ‘वयानुसार ठीक’ आलाय. अशा वेळी दुसऱ्या सेंटरवर जाऊन पुन्हा मणक्याचाच एमआरआय काढणारे खूप जण असतात. पैसे जातात, हाती काही लागत नाही, कारण दुखतंय एकीकडे आणि फोटो निघतोय दुसरीकडचा. मानेत मणक्यांखेरीज मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिन्या आहेत, थायरॉइड आहे, लसीकाग्रंथींची मोठी रांग आहे, घशाच्या मागच्या भिंतीला चिकटलेले खोल स्नायू आहेत. यांपैकी कशालाही दाह होऊ शकतो. त्याचं निदान महागड्या मशीनपेक्षा दोन साध्या गोष्टींवर जास्त अवलंबून असतं: नेमकी जागा आणि नेमकी तारीख.

आधी ही लक्षणं नाहीत ना, ते बघा

यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

– मानेत अचानक जोराची कळ आली आणि त्याच बाजूची पापणी उतरली, डोळ्याची बाहुली लहान झाली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हातापायातलं बळ गेलं. रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून चीर पडली असू शकते. अपघात, जोराचा हिसका किंवा सलूनमध्ये कटकन मोडून घेतलेली मान, एवढंही त्याला पुरतं.
– ताप आहे, स्वतःची लाळही गिळता येत नाही, तोंड नीट उघडत नाही, आवाज बदललाय, श्वासाला घरघर आहे.
– घसादुखी होऊन गेल्यावर काही दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, मानेची एक बाजू सुजली आणि छातीत दुखतंय किंवा दम लागतोय. घशातला जंतुसंसर्ग गळ्यातल्या मोठ्या शिरेत उतरून तिथे रक्ताची गाठ धरली की असं होतं. आंद्रे लेमिएर यांनी १९३६ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. आजार विरळ, पण तरुण, धडधाकट माणसांना होणारा.
– वय पन्नाशीच्या पुढे, चावताना जबडा भरून येतो, कानशील दुखतं आणि नजर धूसर होते.
– मान ताठ, डोकं प्रचंड दुखतंय, उजेड सोसवत नाही, गुंगी येते.
– डावी मान आणि जबडा चालताना किंवा जिना चढताना दुखतो, घाम फुटतो. हे दुखणं मानेचं नसून हृदयाचं असू शकतं; आधी ईसीजी.

पायरी १: एका बोटाने जागा दाखवा

‘इथे सगळीकडे’ असं तळहात फिरवून सांगू नका. आरशासमोर उभं राहून एका बोटाने सर्वांत जास्त दुखणारी जागा शोधा. मान विरुद्ध बाजूला वळवली की कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जाड स्नायू टरारून दिसतो. ही आपली सीमारेषा समजा.

त्या स्नायूच्या पुढच्या कडेला, जबड्याच्या कोपऱ्याखाली, कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर दोन बोटं टेकवली की ठोके लागतात. कॅरोटिड इथे दुभंगते. दुखरी जागा नेमकी ठोक्यांवर असेल तर ती रक्तवाहिनीकडे बोट दाखवते. दुखरी जागा कंठमण्याच्या बरीच खाली, मध्यापासून थोडी बाजूला असेल आणि घोट गिळताना ती वर-खाली सरकत असेल तर थायरॉइड. स्नायूच्या मागे, मान आणि खांदा यांच्या खळग्यात वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या दुखऱ्या गाठी लागत असतील तर लसीकाग्रंथी. बोटाने जागा सापडतच नाही, दुखणं ‘आत, खोल, घशाच्या मागे’ आहे असं वाटत असेल तर तीही माहितीच आहे. मणक्यांच्या पुढच्या अंगाचे स्नायू आणि वरच्या दोन मण्यांमधला सांधा असाच दुखतो.

एक सावधगिरी. ठोक्यांची जागा हलक्या हाताने चाचपायची. जोरात दाबायची किंवा चोळायची नाही, दोन्ही बाजू एकाच वेळी तर मुळीच नाही. तिथे रक्तदाबावर लक्ष ठेवणारे चेतातंतू असतात, त्यामुळे वयस्क माणसाला चक्कर येऊन तो पडू शकतो. निदान होईपर्यंत मालिशवाल्याला आणि ‘मी एका झटक्यात बसवतो’ म्हणणाऱ्याला लांब ठेवा.

मग दुखणं कशाने वाढतं ते बघा. स्नायूचं दुखणं मान वळवली की वाढतं आणि विशिष्ट स्थितीत ठेवली की कमी होतं. कॅरोटिडभोवतीच्या दाहात मान बऱ्यापैकी वळते, पण स्पर्श, गिळणं, कधी चावणं किंवा खोकणं त्रास देतं. थायरॉइडचं दुखणं जबड्याकडे आणि कानाकडे चढतं, म्हणून माणूस आधी दातांच्या किंवा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येतो. मान डावी-उजवीकडे अजिबात वळत नाही, वर-खाली मात्र थोडी होते, हे वरच्या दोन मण्यांच्या सांध्याचं लक्षण. आणि नुसता शर्टाच्या कॉलरचा किंवा ओढणीचा स्पर्शही भाजल्यासारखा लागत असेल तर दोन-चार दिवस त्वचेवर लक्ष ठेवा. नागिणीचे फोड दुखण्यानंतर उमटतात, आधी नव्हे.

पायरी २: तारखा लिहून काढा

कागद घ्या आणि दुखणं सुरू झाल्याची तारीख लिहा. अंदाजे चालेल, पण ‘बरेच दिवस झाले’ चालणार नाही. यातले काही आजार दोन आठवड्यांत खाणाखुणा न ठेवता निघून जातात. तेव्हा कोणत्या दिवशी कोणती तपासणी झाली यावर तिचा अर्थ ठरतो.

त्याखाली मागच्या दोन महिन्यांतलं लिहा: सर्दी-ताप, कोविड, घसादुखी, दाढेचं काम, नवी औषधं, लस, मानेला बसलेला हिसका. कॅन्सरच्या केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्याने क्वचित मोठ्या रक्तवाहिन्यांना दाह होतो. घरात किंवा शेजारी टीबीचा रुग्ण आहे का, तेही लिहा. आपल्याकडे हे सांगायला लोक संकोचतात आणि तिथेच निदान महिनाभर पुढे जातं.

मग आठवडाभर ताप मोजा, हाताने बघून नाही, थर्मामीटरने. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रोज संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन ही एक गोष्ट सांगतात. तापच नाही, माणूस हिंडता-फिरता आहे, फक्त एक जागा दुखते, ही वेगळी.

पायरी ३: डॉक्टरांकडून काय तपासून घ्यायचं

फॅमिली डॉक्टरपासूनच सुरुवात करा. चांगल्या डॉक्टरला या तपासणीला दहा मिनिटं लागतात आणि त्यातून अर्धे पर्याय गळतात. घसा, टॉन्सिल, दात, कान, मानेबरोबर काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी, थायरॉइड, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या, पन्नाशीपुढच्या माणसात कानशिलावरची रक्तवाहिनी. यातली सर्वांत दुर्लक्षित तपासणी म्हणजे दोन्ही हातांचा रक्तदाब. ती आपल्याकडे जवळजवळ होतच नाही, म्हणून तुम्हीच विनंती करा. वरच्या आकड्यात १० पर्यंतचा फरक सहसा सोडून देता येतो. तो २० च्या पुढे असेल आणि पुन्हा मोजूनही टिकत असेल, किंवा एका मनगटाची नाडी क्षीण लागत असेल, तर मानेचं दुखणं मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा भाग असू शकतं. गळ्यावर आणि हासळीच्या वर स्टेथोस्कोप ठेवून सूं-सूं असा आवाज येतो का, तेही ऐकायला हवं.

पायरी ४: रक्ताच्या मोजक्या तपासण्या

सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी-४ एवढं पुरे. पुढे कॉन्ट्रास्ट (फोटो ठळक करणारं शिरेतलं औषध) देऊन स्कॅन होण्याची शक्यता असेल तर मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. सवलतीच्या पॅकेजमधला ‘संधिवात प्रोफाइल’ पहिल्याच दिवशी करू नका. आरए फॅक्टर, एएनए, एचएलए-बी२७ या चाचण्या योग्य संशयाशिवाय केल्या की धडधाकट माणसातही कधी कधी पॉझिटिव्ह येतात आणि मग महिनाभर चुकीच्या वाटेने चालणं होतं.

ईएसआर वाचताना हिमोग्लोबिनकडे बघा. रक्त कमी असलेल्या बाईचा ईएसआर ३५-४० येणं काही विशेष नाही, गरोदरपणात आणि वय वाढल्यावरही तो वाढतो. सीआरपीवर अशा गोष्टींचा परिणाम कमी होतो, म्हणून दोन्ही एकत्र वाचायचे. ईएसआर ५० च्या वर, अगदी १०० पार, आणि थायरॉइडची जागा दुखरी, सोबत टीएसएच खाली गेलेला: एवढ्यावर निदान जवळजवळ झालंच. उलट ठोक्यांच्या जागी जबर दुखतंय पण ईएसआर, सीआरपी ठीक किंवा जरासेच वाढलेले, ही कॅरोटिडभोवतीच्या मर्यादित दाहाची नेहमीची तऱ्हा आहे. पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटलेल्या आणि मानेत दुखऱ्या गाठी, हे तिसरं चित्र. त्याकडे पुढे येऊ.

केसगळतीसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या किमान दोन दिवस थांबवून मगच थायरॉइडची तपासणी करा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. जाहिराती बघून या गोळ्या घेणाऱ्यांची संख्या पाहता हा प्रश्न प्रत्येक लॅबने विचारायला हवा, पण विचारला जात नाही.

पायरी ५: योग्य जागेचा फोटो, योग्य वेळी

पहिला स्कॅन मानेची सोनोग्राफी, कॅरोटिड डॉपलरसकट (डॉपलर म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). किरणोत्सर्ग नाही, खर्च एमआरआयपेक्षा पुष्कळ कमी, आणि मुख्य म्हणजे दुखऱ्या जागेवरच प्रोब ठेवता येतो. पण इथे एक मेख आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘कॅरोटिड डॉपलर’ लिहिलं की तपासणी साहजिकच पक्षाघाताच्या दृष्टीने होते: आतल्या थराची जाडी, चरबीचे थर, रक्ताचा वेग. रिपोर्ट नॉर्मल येतो. आपल्याला हवा तो बदल नळीच्या आत नसतो, बाहेरच्या भिंतीला आणि तिच्याभोवतीच्या चरबीत असतो. म्हणून चिठ्ठीवर लिहून घ्या: ‘दुखऱ्या जागी कॅरोटिडची भिंत व भोवतालचा भाग, थायरॉइड आणि लसीकाग्रंथी पाहाव्यात’. टेबलावर झोपल्यावर रेडिओलॉजिस्टना बोटाने जागा दाखवा. लाजू नका, त्यांनाही ते सोयीचं असतं.

दुसरी पायरी संशयावर ठरते. रक्तवाहिनीबद्दल प्रश्न उरला तर कॉन्ट्रास्टसह मानेचा एमआरआय, ज्यात चरबीची चमक दाबून टाकणारे क्रम घेतलेले असतात, आणि त्याला जोडून अँजिओग्राफी. मणक्याच्या साध्या एमआरआयमध्ये हे नसतं. खोल दुखणं आणि गिळताना कळ असेल तर सीटी स्कॅन, कारण कॅल्शियमचे बारीक साठे एमआरआयवर निसटतात आणि सीटीवर पांढरेशुभ्र दिसतात. साधा, बाजूने काढलेला मानेचा एक्स-रेही इथे उपयोगी पडतो. फक्त मणके न बघता मणक्यांच्या पुढच्या मऊ भागाची जाडी बघायला हवी.

आणि वेळ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे दुखणं मनाचं होतं असा अर्थ होत नाही. दाह ओसरून गेला असेल.

आता एकेक संशयित

कॅरोटिडभोवतीचा तात्पुरता दाह. आजचं नाव टिपिक सिंड्रोम, जुनं नाव कॅरोटिडिनिया. अमेरिकन न्यूरोसर्जन टेंपल फे यांनी १९२७ मध्ये हे दुखणं वर्णिलं. पुढे त्याची कहाणी विचित्र झाली. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली आणि २००४ मध्ये ती काढून घेतली, कारण या नावाखाली वेगवेगळी दुखणी कोंबली जात होती. दरम्यान स्कॅन सुधारले आणि काही रुग्णांत रक्तवाहिनीभोवती खरोखरच सूज दिसू लागली. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने ४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टिपिक हे नाव आणि चार निकष मांडले गेले: कॅरोटिडच्या जागी नव्याने सुरू झालेलं दुखणं, मग ते डोक्याकडे पसरो वा न पसरो, स्कॅनवर रक्तवाहिनीच्या एका अंगाला, बाहेरून लागलेली सूज, दुसरं कारण नसल्याची स्कॅनने खातरजमा, आणि आपोआप किंवा दाहशामक औषधांनी १४ दिवसांत आलेला उतार.

मला यातला शेवटचा निकष सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो नम्र आहे. पहिल्या दिवशी हे निदान पक्कं करताच येत नाही; संशय धरून पुढे जावं लागतं आणि दोन आठवड्यांनी मागे वळून शिक्का मारावा लागतो. १४ दिवसांत फरक पडला नाही तर शिक्का मारायचाच नाही, पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू. सोनोग्राफीवर ही सूज बहुधा दुभंगण्याच्या जागेपाशी, एका बाजूला गडद पट्ट्यासारखी दिसते आणि नळीचा पोकळ भाग फारसा आवळलेला नसतो. आतून चीर पडली असेल तर चित्र उलटं: भिंतीत साचलेलं रक्त आतल्या पोकळीवर चालून येतं. हा फरक ओळखण्यासाठीच स्कॅन, कारण चीर पडलेल्याला रक्त पातळ करणारी औषधं लागतात, तर टिपिकला वेदनाशामकांवर भागतं.

थायरॉइडचा दुखरा दाह. इथे सांगितलेल्या कारणांत हा त्यातल्या त्यात नेहमी भेटणारा आणि सर्वांत जास्त वेळा चुकणारा. स्विस सर्जन फ्रिट्झ द केरव्हाँ यांनी १९०४ मध्ये वर्णिलेला. बाळाला उचलून उचलून आईच्या अंगठ्याच्या मुळाशी जी शीर दुखते, त्या दुखण्यालाही त्यांचंच नाव आहे. तीस ते पन्नास वयाच्या स्त्रियांत जास्त. सर्दी-तापासारखा विषाणूसंसर्ग होऊन दोन ते आठ आठवडे गेले की थायरॉइडची एक बाजू दुखू लागते, कानाकडे कळ जाते, ताप येतो, छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं. मग गंमत अशी की दुखणं काही दिवसांनी दुसऱ्या बाजूला सरकतं. डावीकडून उजवीकडे गेलेली मानदुखी ऐकली की पहिला विचार थायरॉइडचाच यायला हवा.

इथली नेहमीची चूक म्हणजे टी-४ वाढलेला बघून थायरॉइड ‘दाबायच्या’ गोळ्या सुरू करणं. ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नसते. दाहामुळे साठवलेलं हार्मोन गळत असतं, त्यामुळे त्या गोळ्यांचा उपयोग नाही. शंका राहिली तर टेक्नेशियम स्कॅन करतात. या आजारात ग्रंथी जवळजवळ काहीच शोषून घेत नाही. धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर, दुखण्यासाठी दाहशामक, ते पुरलं नाही तर काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइडने बहुधा एक-दोन दिवसांत चमत्कार वाटावा असा आराम पडतो. तीन दिवसांतही फरक नसेल तर निदानाचा फेरविचार.

लहान मुलात डाव्या बाजूची थायरॉइडजवळची जागा पुन्हा पुन्हा सुजून पिकत असेल तर तो हा आजार नव्हे. घशाच्या तळाशी जन्मजात राहून गेलेली बारीक वाट त्यामागे असते, आणि ती बहुतेक वेळा डावीकडेच असते. दरवेळी नुसता पू काढून भागत नाही, ती वाट शोधून बंद करावी लागते.

दुखऱ्या गाठी: टीबी, किकुची की आणखी काही. मानेत गाठ आणि ताप म्हटलं की आपल्याकडे गंडमाळ, म्हणजे गाठींचा टीबी, हा पहिला संशय. तो रास्तच आहे. पण टीबीच्या गाठी सुरुवातीला सहसा फार दुखत नाहीत. त्या आठवड्यांमागून आठवडे वाढतात, एकमेकींना चिकटतात, मऊ पडून फुटतात. तरुण मुलीला ताप, मानेच्या एकाच बाजूला, मागच्या खळग्यात हात लावू न देणाऱ्या गाठी आणि पांढऱ्या पेशी कमी, असं असेल तर किकुची-फुजिमोटो या लसीकाग्रंथींच्या दाहाचं नाव घ्यायला हवं. किकुची आणि फुजिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९७२ मध्ये स्वतंत्रपणे तो वर्णिला. आशियातल्या लोकांत तो जास्त दिसतो. एक ते चार महिन्यांत तो बहुधा आपोआप बरा होतो. म्हणूनच अंदाजाने सुरू केलेल्या टीबीच्या गोळ्यांनी ‘गुण आला’ असं वाटतं आणि एखादी मुलगी विनाकारण सहा महिने ती औषधं घेत राहते.

सुईने पाणी काढून केलेली तपासणी ठीक सुरुवात आहे, पण किकुची, टीबी आणि लिंफोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) यांचा निवाडा करायचा तर बहुधा आख्खी गाठ काढून बायोप्सी लागते. आणि इथे नातेवाइकांचं खरं काम असतं, कारण ऑपरेशननंतर बाटली लॅबमध्ये नेण्याची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावरच पडते. सगळी गाठ फॉर्मालिनमध्ये बुडवली की टीबीचे जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करता येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारा की एक तुकडा फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये जाणार आहे ना. सलाइनमधल्या तुकड्यावर सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि कल्चर होतं. राष्ट्रीय टीबी कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर सीबीनॅट मोफत आहे. बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड घेऊ नका. लिंफोमाच्या पेशी त्याने विरघळल्यासारख्या होतात आणि रिपोर्ट अनिर्णित येतो.

कॅल्शियमचे दोन खोडकर साठे. पहिला मणक्यांच्या पुढच्या लाँगस कोलाय या स्नायूच्या कंडरेत, बहुधा पहिल्या-दुसऱ्या मण्याच्या पातळीवर. तीस ते साठ वयात एक-दोन दिवसांत मान आखडते, गिळताना असह्य कळ येते, बारीक ताप असतो. सीटीवर कॅल्शियमचा ठिपका आणि घशामागे पाणी दिसतं. ते पाणी पू समजून ऑपरेशनची तयारी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात. फरक असा की गळवाला कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडेने चमकणारी भिंत दिसते, इथे ती नसते. १९६४ पासून माहीत असलेला हा आजार दाहशामक गोळ्यांनी एक-दोन आठवड्यांत जातो.

दुसरा साठा दुसऱ्या मण्याच्या वर निघालेल्या दातासारख्या हाडाभोवती, मुकुट घातल्यासारखा. म्हणून त्याला क्राउन्ड डेन्स म्हणतात. साठी-सत्तरीपुढच्या, विशेषतः बायकांना एका रात्रीत मान वळवता येईनाशी होते, ताप येतो, सीआरपी भरमसाट वाढतो. मेंदूज्वर समजून पाठीतलं पाणी काढलं जातं आणि त्यात काही सापडत नाही. आजीच्या गुडघ्याला किंवा मनगटाला आधी कधी असा अचानक सुजण्याचा झटका आला होता का, हे विचारा. गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेत कूर्चेत पांढरी रेघ दिसली तर धागा जुळतो. युरिक अ‍ॅसिडचा इथे संबंध नाही, तो संधिवात वेगळा. वरच्या दोन मण्यांवर केंद्रित सीटीने उत्तर मिळतं आणि दाहशामक किंवा कोल्चिसिनने आराम पडतो. मूत्रपिंड नाजूक असलेल्या वयस्कांत दोन्ही औषधांचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

मोठ्या रक्तवाहिन्यांचे आजार. ताकायासू हा आजार आपल्याकडच्या तरुण स्त्रियांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावा असा. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांवरून तो नोंदवला. भारतात तो पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आढळतो, आणि त्याची तीव्रता मोजायला भारतीय तज्ज्ञांनी बनवलेली आयटास-२०१० ही मोजपट्टी वापरली जाते. सुरुवात सोंगाडी असते: थकवा, बारीक ताप, वजन घटणं, गळ्याची बाजू दुखणं. मग केस विंचरताना हात भरून येतो, एका हाताची नाडी लागत नाही, पंचविशीत रक्तदाब वाढलेला सापडतो. सोनोग्राफीत भिंत गोलाकार, सगळीकडून सारखी जाड झालेली दिसते आणि ती लांबवर पसरलेली असते. टिपिकमध्ये सूज एका अंगाला आणि इंच-दीड इंचात, तर इथे चहूबाजूंनी. असं दिसलं की फक्त मान बघून थांबायचं नाही. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीपासून मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत सगळ्याची अँजिओग्राफी आणि संधिवाततज्ज्ञाकडे रवानगी.

पन्नाशीपुढे जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलाच्या आणि इतर मोठ्या रक्तवाहिन्यांचा दाह. आपल्याकडे तुलनेने कमी, पण नजर जाण्याचा धोका असल्यामुळे ‘बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड नको’ या नियमाला हा एकच अपवाद, जिथे संशय पक्का असेल तर बायोप्सीची वाट न बघता डॉक्टर स्टेरॉइड सुरू करतात आणि बायोप्सी पुढच्या काही दिवसांत उरकतात.

औषध देऊन बघण्याबद्दल

तातडीची लक्षणं नाहीत आणि स्कॅनमध्ये धोक्याचं काही नाही, तर डॉक्टर सात ते चौदा दिवसांचं दाहशामक औषध देऊन बघतात. त्याला ‘टाइमपास’ समजू नका, ती निदानाचीच पायरी आहे. अट एवढीच की रोज दुखणं दहापैकी किती ते लिहून ठेवायचं. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधी सांगा. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळून पॅरासिटामॉलवर राहा. मेडिकलवाल्याने दिलेल्या ‘पॉवरफुल’ पुडीत स्टेरॉइड असू शकतं. त्याने काहीही दोन दिवस बरं वाटतं आणि बायोप्सीपासून सीआरपीपर्यंत सगळे पुरावे पुसट होतात.

कोणाकडे जायचं हा प्रश्न वरच्या पायऱ्या केल्या की फार अवघड राहत नाही. थायरॉइड असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा फिजिशियन, गाठी आणि गिळण्याचा त्रास असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ, रक्तवाहिन्यांचा किंवा कॅल्शियमचा दाह असेल तर संधिवाततज्ज्ञ. जाताना रिपोर्टच्या पिशवीबरोबर स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी न्या. नुसत्या छापील निष्कर्षावर दुसरा रेडिओलॉजिस्ट काही सांगू शकत नाही. तारखांचा तो कागद सगळ्यात वर ठेवा.

बरं वाटल्यानंतरचं वेळापत्रक

टिपिकमध्ये दुखणं गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच जागेची सोनोग्राफी पुन्हा करून सूज मावळल्याची खात्री करतात. काहींना ते पुन्हा होतं, कधी दुसऱ्या बाजूला. थायरॉइडच्या दाहानंतर बऱ्याच जणांची ग्रंथी काही महिने मंदावते, म्हणून पहिलं वर्षभर साधारण सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, आणि थोड्यांना थायरॉक्सिनची गोळी कायमची लागते. किकुची बरा झाला तरी काही रुग्णांत पुढे ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, उद्भवतो. त्यामुळे किकुचीचं निदान झालं की एकदा एएनए, आणि नंतर सांधेदुखी, उन्हात चेहऱ्यावर पुरळ, तोंडात फोड असं काही दिसलं तर जुना बायोप्सी रिपोर्ट घेऊन लगेच दाखवायचं. ताकायासूचा पाठपुरावा मात्र वर्षानुवर्षं चालतो: दर भेटीला दोन्ही हातांचा रक्तदाब आणि ठरावीक काळाने स्कॅन. ईएसआर नॉर्मल असतानाही या आजारात आतला दाह चालू राहू शकतो, त्यामुळे केवळ रक्ताच्या रिपोर्टवर विसंबून औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.